जुना ट्रॅक्टर जाम झालाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं वर्षानुवर्षं गोठ्यामागे, लिंबाखाली किंवा पत्र्याच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी आहेत: महिंद्रा बी-२७५, फर्ग्युसन टीई-२०, मॅसी ३५, फोर्ड ३०००, एचएमटी २५११, हवेवर थंड होणारे जुने आयशर. पद्धती बहुतेक सगळ्यांना सारख्याच लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

इंजिन फिरत नाही. म्हणजे पिस्टनच पकडलेत का?

असं लगेच धरून चालू नका. हेड उघडल्यावर पिस्टन मोकळे निघाले आणि खोट भलतीकडेच होती, असं पुष्कळदा होतं. आधी एकेक गोष्ट वेगळी करत जा.

फॅन बेल्ट काढा. वॉटर पंप किंवा डायनॅमो पकडला असेल तर तो हाताने फिरवून लगेच कळतो. मग सेल्फचे बोल्ट थोडे सैल करा. पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून बसली असेल तर ‘टक्’ असा आवाज होऊन सुटते. गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये दिसतो म्हणून गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असतोच असं नाही, त्यामुळे एक मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून बघा. पीटीओचा (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या शाफ्टचा) दांडा बाहेर काढून तो सोडवा.

शेवटी सगळी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा आणि पुन्हा फिरवून बघा. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर नोझल असताना इंजिन दगडासारखं वाटतं आणि नोझल काढल्यावर भोकातून पाण्याची चिळकांडी उडते. अशा इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. म्हणून नोझल काढायच्या आधी बॅटरी जोडायचीच नाही.

एवढं करूनही इंजिन हललं नाही, तर पिस्टन, व्हॉल्व्ह किंवा इंधन पंप यांच्यापैकी काहीतरी पकडलंय.

उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन जाम होतंच कसं?

उभा सायलेन्सर हे पावसाचं नळकांडं आहे. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहतो. पाणी मॅनिफोल्डमधून थेट त्या सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या डोक्यावर साचतं. त्यामुळे सगळे सिलिंडर सहसा एकदम पकडत नाहीत, एखाददुसराच पकडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यातली फट आधीच केसाएवढी, तिथे गंज फुगला की पाचर मारल्यासारखं होतं.

दुसरं कारण हेड गास्केट. ती गळकी असेल तर रेडिएटरचं पाणी हळूहळू बोअरमध्ये उतरतं. ट्रॅक्टर कोरड्या शेडमध्ये असूनही इंजिन पकडलं, तर संशय इथे घ्या.

रॉकेल, डिझेल, ब्रेक ऑइल, कोल्ड्रिंक: ओतायचं काय?

पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरमध्ये वापरतात ते लाल एटीएफ तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात, हे नट-बोल्टसाठी उत्तम. दोन्ही नीट मिसळत नाहीत, त्यामुळे दर वेळी बाटली हलवून घ्या. ॲसिटोन पटकन पेट घेतं, रंग आणि रबर खातं. हे मिश्रण लावल्या जागी लगेच गॅस पेटवू नका.

सिलिंडरमध्ये ॲसिटोनचा उपयोग नाही, ते उडून जातं. तिथे डिझेल आणि एटीएफ निम्मं निम्मं घाला. रॉकेल मिळालं तर डिझेलऐवजी चालतं. ब्रेक ऑइल आत शिरतं खरं, पण रंग उतरवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. कोल्ड्रिंकमधलं आम्ल इतकं सौम्य असतं की मागे उरतो तो साखरेचा चिकटा. इंजिनात ते ओतू नये.

किती ओतायचं आणि किती दिवस थांबायचं?

नोझलच्या भोकातून दर सिलिंडरमागे साधारण १०० मिली. दुसऱ्या दिवशी तारेने पातळी बघा. हळूहळू उतरत असेल तर तेल रिंगांच्या बाजूने खाली झिरपतंय, म्हणजे काम चालू आहे. तेवढंच पुन्हा घाला. तासाभरात सगळं गायब झालं तर बहुधा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा आहे आणि तेल मॅनिफोल्डमध्ये गेलं. जराही उतरत नसेल तर गंज घट्ट आहे, किंवा खाली गाळ बसलाय.

सात दिवस हे कमीत कमी. पंधरा दिवस बरे. रोज एकदा फ्लायव्हीलला दोन्ही बाजूंनी हलका ताण द्यायचा: सेल्फ काढून त्या खिडकीतून पहार दात्यांत अडकवायची आणि आधी उलट, मग सुलट दाबायची. फ्लायव्हील दोन मिलिमीटर जरी हललं तरी अर्धं काम झालं. त्या आनंदात पहारेला पाइप लावून लोंबकळू नका, रिंग गिअरचे दात तुटतात. पुढच्या पुलीचा बोल्ट हाही ताण देण्याची जागा नाही.

आणि हे सगळं तेल शेवटी चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलमध्येच, उतरतं. इंजिन सुटल्यावर ते तेल बदलल्याशिवाय स्टार्ट करायचं नाही.

दुसऱ्या ट्रॅक्टरने गिअरमध्ये टाकून ओढलं तर?

ओढू नका. मागच्या चाकापासून इंजिनापर्यंत गिअरच्या गुणोत्तरामुळे जोर कितीतरी पटींनी बदलतो आणि तो नेमका किती पोचतोय हे ओढणाऱ्याला कळत नाही. पकडलेला एकच पिस्टन असेल तर सगळा भार त्याच्या एकट्या कनेक्टिंग रॉडवर येतो. रॉड वाकतो, पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती फुटतात, आणि इंजिन ‘सुटलं’ असं वाटून चालू केल्यावर आठवड्याभरात बोअर ओरखडला जातो. ओल्या मातीत चाकं नुसती घसरली तर नशीब समजा.

हेड काढलंय. आता पिस्टन कसा हलवायचा?

आधी पिस्टन कुठे आहेत ते बघा. चार सिलिंडरी इंजिनात, म्हणजे बी-२७५ सारख्यात, १ आणि ४ एकत्र वर जातात तेव्हा २ आणि ३ खाली असतात. चारही पिस्टन टोकाला (एकदम वर किंवा एकदम खाली) असतील तर फ्लायव्हील दाबून पिस्टन जवळजवळ हलत नाही. आणि पिस्टन कितीही ठोका, क्रँक फिरत नाही, कारण रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात. अशा वेळी वरच्या पिस्टनवर घाव घातला तर तो बेअरिंगवर बसतो. तेव्हा चेंबर उघडून रॉडच्या कॅप काढा आणि एकेक पिस्टन वेगळा सोडवा. तीन सिलिंडरी इंजिनात क्रँक १२० अंशांवर असल्याने तिन्ही पिस्टन एकाच वेळी टोकाला कधीच नसतात. त्या बाबतीत मॅसीवाले सुखी.

ठोकण्याआधी पिस्टनच्या वरचा बोअर साफ करा. गंजाचा थर, कार्बन, वरची कड, सगळं १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि डिझेलने घासून काढा, भुकटी कापडाने टिपून घ्या. हे टाळलं तर वर येणारा पिस्टन त्याच गंजात नव्याने अडकतो.

बाभळीचा किंवा सागाचा गोल ठोकळा घ्या, बोअरपेक्षा तीनचार मिलिमीटर लहान. तीन सिलिंडरी पर्किन्स इंजिनाच्या मॅसी ३५ चा बोअर ९१.४ मिमी आहे, तिथे ८८ चा ठोकळा बसतो. बी-२७५ चा बोअर साधारण ८५.७ मिमी, तिथे ८२ चा. ठोकळा पिस्टनच्या डोक्यावर पूर्ण टेकला पाहिजे. दोन किलोच्या हातोड्याने मध्यावर ठोका, घाव मध्यम पण सलग. एका मोठ्या घावापेक्षा पन्नास छोटे बरे, कारण गंज कंपनाने तुटतो. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी फ्लायव्हीलवर ताण धरून ठेवायचा. नुसत्या लोखंडी दांड्याने ठोकलं तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनला भोक पडतं.

हलला की लगेच पूर्ण फिरवायचा मोह आवरा. थोडा खाली, तेल, थोडा वर, पुन्हा तेल.

ग्रीस गनने पिस्टन सुटतो असं ऐकलंय. खरं का?

खरं, आणि हेड न काढता होतं. पण अटी आहेत. रॉकर शाफ्ट काढून त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद झाले पाहिजेत आणि पिस्टन टोकाला नसावा. जुन्या निकामी नोझलच्या बॉडीला लेथवर ग्रीस निपल बसवून घ्यायचं, आधी सिलिंडर तेलाने काठोकाठ भरून हवा काढायची, मग ते घट्ट बसवून हळूहळू ग्रीस दाबायचं.

जोर किती येतो बघा: ९१.४ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ६५ चौरस सेंटिमीटर. दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो झाला की पिस्टनवर साडेसहा टन. तेवढाच जोर हेडला वर उचलायलाही लागतो. गनचा दांडा कडक झाला की थांबा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी पुन्हा. गास्केटच्या कडेने ग्रीस बाहेर येऊ लागलं तर हा मार्ग संपला.

एकच तोटा. पिस्टन सुटल्यावर सिलिंडरभर ग्रीस काढत बसावं लागतं, त्यामुळे शेवटी हेड बहुधा निघतंच.

ठोकताना स्लीव्हच (ब्लॉकमध्ये बसवलेलं सिलिंडरचं नळकांडं) सरकली तर?

ती कोणत्या प्रकारची आहे यावर सगळं अवलंबून आहे. पर्किन्सच्या मॅसी ३५ मध्ये स्लीव्ह कोरडी असते, म्हणजे तिच्या बाहेरून पाणी थेट फिरत नाही. झेटर घराण्यातल्या एचएमटी २५११ मध्ये ती ओली असते: खालच्या बाजूला रबरी रिंगा, बाहेर पाणी. ओली स्लीव्ह एक मिलिमीटर जरी उचलली गेली तरी ती रिंग फाटते आणि पाणी चेंबरमध्ये उतरतं. अशा इंजिनात ठोकण्यापूर्वी वॉशर आणि बोल्ट लावून स्लीव्ह दाबून धरा. फोर्ड ३००० मध्ये मूळची स्लीव्हच नसते, पिस्टन ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. खड्डे पडले तर बोअर मोठा करणं किंवा नव्याने स्लीव्ह घालणं एवढाच इलाज. हवेवर थंड होणाऱ्या आयशरमध्ये मात्र पात्यांचा सिलिंडर सुटा असतो, तो पिस्टनसकट उचलून आरामात टेबलावर सोडवता येतो.

व्हॉल्व्ह अडकलेत हे कसं कळतं?

रॉकरचं झाकण काढून बघा. एखादा रॉकर लुळा हलत असेल तर त्याचा व्हॉल्व्ह दबलेलाच राहिलाय. तसंच फिरवलं तर पुशरॉड वाकतो किंवा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. गाइडवर तेलमिश्रण टाका, दांडा पकडीने (कापड गुंडाळून) हळूहळू गोल फिरवा, वरून लाकडी हातोडीने टकटक करा. स्प्रिंगने स्वतःहून वर आला की खाली-वर दहापंधरा वेळा करा. पुशरॉड काचेवर गडगडवून वाकलाय का बघा.

नोझल हेडमध्ये अडकलंय आणि पंपही पकडलाय.

नोझलचे नट काढा, भोवती तेल टाका, दिवसभर थांबा, मग बॉडी पान्याने डावी-उजवी फिरवा. खालून पहार घालून उचकटलं तर हेडचा कान तुटतो. बाहेर आल्यावर तांब्याचं वॉशर भोकात राहिलं का ते टॉर्चने बघाच. जुन्यावर नवं वॉशर बसलं की नोझल वर राहतं आणि धूर काही केल्या जात नाही.

पंप ही एकच जागा, जिथे घरी हात घालू नये असं स्पष्ट सांगावं लागतं. जुनं डिझेल वाळून आत लाखेसारखा थर बसतो. रोटरी पंप असेल तर साफ डिझेल आणि थोडं एटीएफ भरून दोन दिवस ठेवा, बंद करायचा दांडा हाताने हलतो का बघा. नसेल तर पंप काढून टेस्ट बेंचवाल्याकडे न्या. तापवू नका, ठोकू नका. पंप पकडलेला असताना इंजिन जबरदस्तीने फिरवलं तर पंपाची ड्राइव्ह शाफ्ट तुटते.

नट सुटत नाहीत, गोलच होतात.

निम्म्या वेळा दोष पान्याचा असतो. ब्रिटिश आणि अमेरिकन वंशाच्या या ट्रॅक्टरांवर इंची नट आहेत. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिमी, त्यावर १५ चा पाना ढिला बसतो. १/२ इंच म्हणजे १२.७, त्यावर १३ चा ढिला. ३/४ इंच १९.०५ असल्याने १९ चा बसून जातो, ५/८ ला १६ चाही चालतो. बाकीच्यांसाठी इंची गोटी पाने घ्या, आणि सहा कोनांचे. बारा कोनांचे गंजलेल्या नटाला गोल करतात.

क्रम असा: तारेच्या ब्रशने आटे साफ, तेल, रात्रभर थांबा, नटाच्या डोक्यावर चारपाच घाव, मग आधी थोडा आवळा आणि मग सोडा. नाही सुटला तर गॅस टॉर्चने नट तापवा, बोल्ट नाही. ५० मिमीचं भोक २०० अंशांनी तापवलं तर सुमारे ०.१२ मिमीने मोठं होतं, आणि गंज फोडायला तेवढं पुरतं. तापलेल्या आट्यावर मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आत ओढलं जातं. लाल होईपर्यंत तापवायचं ते फक्त टाकून द्यायच्या नटाला. बिडाच्या केसिंगला तसं केलं की तडा जातो.

मॅनिफोल्डचा स्टड तुटून आत राहिला.

स्टडवर वॉशर ठेवा, वॉशरच्या भोकातून स्टडला वेल्डिंग करा, मग वॉशरला नट वेल्ड करा. लाल असतानाच थांबा, थंड होऊ द्या, हाताला सोसेल इतकं झालं की हळू फिरवा. वेल्डिंगची उष्णताच खरं काम करते. स्टड पृष्ठभागाच्या खाली तुटला असेल तर नेमक्या मध्यावर पंच मारून डाव्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडा. ईझी-आउट (तुटका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) शेवटी वापरा आणि मऊ हाताने. ते आत तुटलं तर इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर चालत नाही.

ब्रेक क्लीनर लावलेल्या जागी वेल्डिंग किंवा ज्योत नको. क्लोरिनवाल्या क्लीनरचा विषारी वायू होतो.

क्लच दाबूनही गिअर पडत नाही.

प्लेट फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल दाबून लाकडाच्या पाचरीने दोन दिवस तसंच ठेवा. मग मोकळ्या शेतात, पुढे माणूस-जनावर नसताना, इंजिन गरम करून बंद करा, वरचा गिअर टाका, पेडल दाबून गिअरमध्येच स्टार्ट करा आणि चालता चालता ब्रेकचे झटके द्या. ब्रेक चालतात याची खात्री आधीच हवी. फर्ग्युसन आणि मॅसी ३५ मध्ये सेल्फ गिअरच्या दांड्यानेच लागतो, त्यामुळे गिअरमध्ये स्टार्ट होत नाही. तिथे उतारावरून सोडावं लागतं. दोनतीन प्रयत्नांत सुटला नाही तर ट्रॅक्टर मधून उघडायचा.

ब्रेक, गिअरचा दांडा, किंगपिन?

ब्रेक ॲडजस्टर पूर्ण सैल करून ड्रमच्या कडेवर गोल फिरत हातोडीने ठोका. बी-२७५ ला डिस्क ब्रेक आहे. त्यात डिस्क पसरवणारे पोलादी गोळे उतरत्या खाचांत गंजतात, ते बाहेर काढून पॉलिश करावे लागतात. जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

गिअरचा दांडा अडकला आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे-मागे ढकलला जात नसेल तर दोन गिअर एकदम पडलेत. वरचं झाकण काढा, फोर्क पहारेने न्यूट्रलला आणा.

किंगपिनमध्ये (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्यात) बहुतेक वेळा निपलमागचं ग्रीसच दगड झालेलं असतं. निपल काढा, भोक तारेने मोकळं करा, डिझेल भरा, चाक जॅकवर घेऊन आठवडाभर वळवत राहा.

फर्ग्युसनची लिफ्ट उठत नाही. आत काय अडकलंय?

कदाचित काहीच नाही. टीई-२० आणि त्या घराण्यातल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा दांडा बाहेर असेल तर लिफ्ट उठणारच नाही.

तो आत असूनही उठत नसेल तर मागच्या केसिंगमधलं तेल बघा. ताकासारखं पांढरट दिसलं तर गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरातून पावसाचं पाणी गेलंय आणि पंपाचा कंट्रोल व्हॉल्व्ह गंजून अडकलाय. तेल गरम असताना काढा, थोडं डिझेल मिसळलेलं स्वस्त तेल भरून लिफ्टवर वजन न टाकता दहा मिनिटं चालवा, पुन्हा काढा, मग नवं तेल. मॅसी ३५ ला वीस लिटरची एक कॅन पुरत नाही हे ध्यानात ठेवून खरेदी करा.

सुटे भाग गंजातून काढायला स्वस्त उपाय?

काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये एक ते तीन आठवडे. गंज निघतो, लोखंडाला धक्का लागत नाही. वास मात्र असा येतो की ड्रम घरापासून लांब ठेवावा लागतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग त्यात घालू नका. काढल्यावर धुऊन, उन्हात वाळवून, त्याच दिवशी तेल लावा.

इंजिन सुटलं. आता स्टार्ट करू?

आधी नोझल न बसवता हाताने दोन पूर्ण फेरे. चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, त्यामुळे कुठे आदळत असेल तर कळतं. चेंबरचं तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर तेलाने भरून लावा. टाकी आणि डिझेलच्या नळ्या साफ. नोझल न लावताच सेल्फ मारून ऑइलचा दाब येतो का बघा, मग नोझल लावा.

पहिल्या स्टार्टला एक माणूस जाड फळी हातात धरून एअर क्लीनरच्या तोंडाशी उभा हवा. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी) पूर्ण डिझेलवर अडकलेला असेल तर इंजिन पळत सुटतं आणि चावी त्याला थांबवत नाही. हवा बंद केली की थांबतं. हाताने तोंड झाकायचं नाही.

पहिली अर्धी टाकी हलक्या कामावर चालवा, तेल २० तासांनी पुन्हा बदला. निळा धूर कमी होत गेला तर रिंगा मोकळ्या होतायत. तसाच राहिला, किंवा बोअरमध्ये नखाला लागतील असे खड्डे दिसले होते, तर स्लीव्ह-पिस्टनचा सेट घालावाच लागेल.

आणि काम झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडावर पत्र्याचा डबा उपडा घाला.